बाबा पेपर टाकणार होते

लहान असताना एकदा सुट्टीत पुण्याला आत्याकडे गेले होते. सकाळी सायकलवरून एक आजोबा आले आणि गुंडाळलेला पेपर नेम धरून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत भिरकावून गेले. आत्या कौतुकाने म्हणाली, "हे आजोबा मी लग्न होऊन आले तेव्हापासून आपल्याकडे पेपर टाकतात." मला रडूच फुटलं. इतक्या वर्षांत एकानेही त्यांना थांबवू नये?

त्याचं असं आहे की आमच्या घरात 'पेपर टाकणे' याचा अर्थच वेगळा होता. बाबा फौजेत. एखाद्या अफसराने मुदतीआधी नोकरी सोडायचा अर्ज केला की फौजेत म्हणतात, त्याने पेपर टाकले. आणि हे म्हणताना सगळ्यांचा आवाज खाली येतो, घरात कुणी आजारी असल्यासारखा. अमक्या अंकलनी पेपर टाकले. का? आईकडे बघायला कुणी नाही. तमक्यांनी पेपर टाकले. का? प्रमोशन हुकलं. मग थोड्याच दिवसांत ते घर रिकामं व्हायचं आणि त्यांचा कुत्रा, त्यांचा झोपाळा, सगळं नाहीसं व्हायचं. तेव्हा रोज सकाळी उठून, सायकल मारत जाऊन नोकरी सोडणारा माणूस बघून मी रडले तर नवल काय!

पुढे याच शब्दाने अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एका तळघरात, ऐन दिवाळीत आमची जी काही फजिती केली, ती सांगायला हवी. पण त्याआधी पेढा.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी पेढा हातात घेऊन मी घरात जाहीर केलं की अकरावी आणि बारावी मी एकाच शाळेत करणार. जगबुडी आली तरी. माझी आठवी शाळा झाली होती की नववी, मोजायचं मी सोडून दिलं होतं. दर एक-दोन वर्षांनी नवा वर्ग, नवा बाक, आणि "तू कुठली?" हा तोच जुना प्रश्न. आईने "बरं बाई" म्हणून पेढा माझ्या तोंडात कोंबला. बाबांनी दुसरा पेढा उचलला. आणि आठवडाभरात बातमी आली की बाबांची एका वर्षाच्या कोर्ससाठी अमेरिकेत निवड झाली आहे, सहकुटुंब. म्हणजे अकरावी लांबली, आणि मध्ये आणखी एक शाळा आली. मी तीन दिवस कुणाशी बोलले नाही. चौथ्या दिवशी मात्र राहवेना, आणि तिथे बर्फ कधी पडतो ते विचारलं. मला सगळं जाणून घ्यायची हाव फार. रागसुद्धा नीट धरता येत नाही त्यापायी.

पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या शहराच्या दक्षिणेला, डोंगरांच्या मध्ये एक छोटं गाव आहे. तिथे त्यांच्या आर्मीचं जुनं कॉलेज आहे आणि देशोदेशीचे अफसर तिथे शिकायला येतात. आम्हाला गावात भाड्याचं घर मिळालं. शेजारच्या घरात आमच्याच आठवड्यात एक अमेरिकन फौजी कुटुंब आलं. त्यांचे बाबाही त्याच कोर्सला, आणि मुलगी माझ्याच वयाची.

त्यांचं सामान उतरताना मी खिडकीला नाक लावून बसले होते. आपल्याकडे बदली म्हणजे काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात बाबांचं नाव, आणि जुन्या युनिटचं नाव खरवडून त्यावर रंगवलेलं नव्या युनिटचं नाव. यांच्याकडे ट्रंका नव्हत्या. पण प्रत्येक टेबलाच्या पायाला, खुर्चीच्या पाठीला छोटे छोटे रंगीत स्टिकर होते. नारिंगी, पिवळे, हिरवे, एकावर एक. मला एकदम कळलं ते काय असणार. संध्याकाळी मी सरळ तिच्या खोलीत जाऊन विचारलं, की एका बदलीला एक रंग का? ती बघतच राहिली. म्हणाली, हे आजवर कुणी ओळखलं नव्हतं, शाळेतल्या मैत्रिणींना वाटायचं आम्ही जुन्या बाजारातून फर्निचर आणतो. मग आम्ही दोघी जमिनीवर आडव्या पडून तिच्या टेबलाच्या खालचे स्टिकर वाचत बसलो. हा टेक्ससचा, हा जर्मनीचा. मी तिला आमच्या ट्रंकांवरचे रंगाचे थर सांगितले. अशी गट्टी माझी आयुष्यात कुणाशी जमली नव्हती.

एका बाबतीत मात्र आमचं जमेना. तिच्या घरी पोचल्या दिवशी पहिलं काम म्हणजे भिंतीवर फोटो. जेवण नसलं तरी चालेल, तिची आई हातोडी घेऊन ठाकठोक सुरू. आमच्या घरी भिंतीला खिळा मारणं म्हणजे महापाप. सरकारी क्वार्टर सोडताना 'मार्चिंग आउट' असतं. माणूस येऊन नळ, पंखे, भिंती तपासतो आणि भोक दिसलं की पैसे कापतो. म्हणून खिळा मारायचाच नाही, आणि आधीच्या कुणी मारला असेल तर निघताना टूथपेस्टने भोक बुजवायचं. बाबा या कामात इतके तरबेज होते की आई म्हणायची, हे दातांना कमी आणि भिंतींना जास्त पेस्ट लावतात.

"मग तुझ्या भिंतींवर काय असतं?" माझ्या त्या नव्या मैत्रिणीने, शेजारणीने विचारलं. "भिंत असते," मी म्हटलं.

त्या वर्षी मी सारखी बघत असायचे, हे लोक फौजेशी कसे वागतात म्हणून. कॉलेजातून येताना बाबा एकदा वर्दीवरच आमच्याबरोबर दुकानात आले. दूध-अंडी घेत होतो, तर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत समोर आले आणि बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "थँक यू फॉर युवर सर्व्हिस." आईने मला हळूच ढोसलं, "यांची सर्व्हिस किती झाली ते या आजोबांना कसं कळलं गं?" आमच्या नागपूरकडे सर्व्हिस म्हणजे नोकरी, तिचे आभार कोण मानतं! बाबा इतके गडबडले की ताठ उभे राहून म्हणाले, "नो मेन्शन, सर." आता म्हातारे गडबडले. त्यांनी चष्मा सावरून बाबांच्या दंडावरचा झेंडा पाहिला, जरा विचार केला आणि म्हणाले, "वेल, थँक यू एनीवे."

गाडीत बाबा बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "घरी कधी कुणी म्हटलं नाही हो हे." आई म्हणाली, "अन् रोज सकाळी बेड टी देते ते काय असतं?"

आणि मग दिवाळी. आईची कॉलेजातली मैत्रीण न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहायची. मी तिला मावशी म्हणायचे. तिने फराळाला बोलावलं आणि आम्ही तीन तास गाडी हाकत गेलो. घराच्या तळघरात सतरंज्या घातलेल्या, पंधरा-वीस मराठी कुटुंबं, पुण्याची, मुंबईची, नागपूरची. सगळे आयटीतले. बाबा फौजेत आहेत म्हटल्यावर काका लोक सरसावून बसले. एकाने विचारलं, "म्हणजे डिफेन्स क्लायंट का?"

दोघी मैत्रिणी भेटल्या की आईचं मराठी तडक नागपूरला जाऊन पोचतं. मावशीने चकल्यांचं ताट फिरवता फिरवता विचारलं, "मंग, पुढं काय ठरवून राहिले तुम्ही लोकं?" आणि आई चकली मोडत सहज बोलून गेली, "काय सांगू बाई, हे तर पेपर टाकायचं म्हणून राहिले."

माझ्या हातातला लाडू हातातच राहिला.

मावशी किंचाळलीच. "अय्या! पेपर फाइल करून राहिले? आणि आत्ता सांगते होय गं!" तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो ऐकलं का, हे लोक इथंच राहणार! ग्रीन कार्डचे पेपर टाकतायत!" मग काय विचारता. तळघरातले सगळे काका बाबांभोवती जमले. कुठल्या कॅटेगरीत? लॉयर कोण? प्रायॉरिटी डेट काय मिळाली? काँग्रॅट्स यार, पार्टी पाहिजे! त्यांच्याकडे पेपर म्हणजे इथे राहण्याचे पेपर, दुसरे पेपर असतात हे त्यांच्या गावीच नव्हतं. एका काकांनी तर आमच्या गावात घरांचे भाव काय आहेत तेही फोनवर बघायला घेतलं.

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. नोकरीवर असलेला अफसर परदेशात कोर्सला जातो आणि तिथे राहायचे कागद करतो! नुसती अफवा कॉलेजपर्यंत गेली तरी केवढ्याला पडलं असतं. बाबांनी ताट खाली ठेवलं आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "मी फौजी अफसर आहे. कोर्स संपला की परत जाणार." मुलांचा व्हिडिओ गेमसुद्धा थांबला.

"मग पेपर कसले?" काकांनी चाचरत विचारलं.

बाबांचा आवाज उतरला. "नोकरी सोडायचे." मग म्हणाले, "पुण्यात राहायचं म्हणतो. हिची शाळा. सारखं उपटून दुसरीकडे लावायचं किती दिवस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आणि खरं सांगू? त्याच क्षणी आतून उकळ्याही फुटत होत्या. एक शाळा! दोन वर्षं! पुण्यात!

परतीच्या वाटेवर आई उरलेल्या फराळाचा डबा मांडीवर धरून अपराध्यासारखी बसली होती. मी मागच्या सीटवरून विचारलं, "बाबा, खरंच टाकणार?"

"विचार चाललाय."

"माझ्यामुळे?"

"पेढा खाताना म्हणाली होतीस ना."

म्हणजे बाबांनी ते ऐकलं होतं, आणि इतके महिने मनात ठेवलं होतं. मग गाडी चालवता चालवताच म्हणाले, "तू सांग. तू हो म्हणालीस तर परत गेल्या गेल्या टाकतो. नाही म्हणालीस तर नाही." पंधरा वर्षांच्या पोरीवर असलं काही सोडतात का हो? मी चिडून म्हटलं, "विचार करायला वेळ हवा." खरं तर हो तोंडाशी आलं होतं. पण मला आधी बघायचं होतं, वर्दीशिवायचे बाबा कसे असतात. मी कधी पाहिलेच नव्हते.

अमेरिकेत ते बघायची सोय झाली. तिथे ना ड्रायव्हर ना मदतनीस, शनिवार-रविवार बाबा साध्या कपड्यांत घरी. मी गुप्तहेरासारखी पाळत ठेवली. डिशवॉशरमध्ये भांडी लावताना ते ताटं उंचीप्रमाणे उभी करायचे आणि आईने मध्येच वाटी घुसवली की बाहेर काढून पुन्हा लावायचे. अंगणातला बर्फ काढला की कडा इतक्या सरळ, की शेजारचे अंकल फोटो काढून घेऊन गेले. दुकानात रांगेत पुढच्या माणसात आणि स्वतःत बरोबर एका हाताचं अंतर. सिव्हिलमध्ये, म्हणजे फौजेबाहेर, हे कुठे खपणार, मी मनात म्हणायचे, आणि मग स्वतःचीच समजूत घालायचे, की शिकतील.

मावशीचे यजमान मदत करायला निघाले. एका रविवारी त्यांनी फोन केला, म्हणाले पुण्यात ओळखी आहेत, आपण तुमचा रेझ्युमे बनवू. फोन स्पीकरवर होता.

"तर कर्नलसाहेब, तुमची स्किल्स काय लिहू?"

"लीडरशिप," बाबा म्हणाले.

"ते सगळेच लिहितात हो. नक्की काम काय करता?"

बाबांनी विचार केला. "माणसं सांभाळतो."

"मग ॲडमिन होईल. किंवा सिक्युरिटी. आयटी पार्कांना एक्स-आर्मी फार आवडतात. गेटवर शिस्त राहते."

"हां, हां," बाबा म्हणाले. "थँक यू." फोन ठेवला आणि कपाटातून बूट काढून पॉलिश करत बसले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, बूट लागणारच नव्हते.

शेजारणीला मी सगळं सांगितलं. तिचं घोडं नेमकं उलट दिशेला निघालं होतं. तिचे बाबा या कोर्सनंतर रिटायर होणार होते, ओहायोत घर बघून झालं होतं. मला वाटलं, ती नाचत असेल. तर ती टेबलाखाली पडून स्टिकर खरवडायचे की ठेवायचे याचा विचार करत होती. म्हणाली, "आतापर्यंत एखादी शाळा नाही आवडली तरी माहीत असायचं, की जायचंच आहे. आता नाही आवडली तर?" हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. स्टिकर तिने ठेवले.

मार्चअखेर बर्फ वितळला. एका संध्याकाळी आम्ही दोघी सायकलवरून कॉलेजच्या आवारात गेलो होतो. तिथे रोज संध्याकाळी तोफ वाजते, बिगूल होतो आणि झेंडा उतरतो. जो जिथे असेल तिथे थांबतो. चालत्या गाड्यासुद्धा थांबतात, माणसं दार उघडून खाली उतरून उभी राहतात. शेजारीण काहीतरी चावट सांगत होती. ती वाक्य अर्धवट टाकून उतरली, हात छातीवर ठेवून उभी राहिली. मीही उतरले. झेंडा त्यांचा, हात छातीवर कसा ठेवू? मी आपली शाळेतल्यासारखी सावधान.

तेव्हा समोर बाबा दिसले. लायब्ररीतून निघाले होते. साधी पँट, निळं जाकीट, डोकं उघडं. त्यांनी पुस्तकांची पिशवी जमिनीवर ठेवली आणि ताठ उभे राहिले. आणि त्यांचा उजवा हात वर निघाला, सॅल्यूटसाठी. कोपरापर्यंत आला असेल नसेल, तोच थबकला. आपल्या फौजेत डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करत नाहीत. हात हळूच खाली आला, पण नीट पँटीला चिकटेना. त्या हाताला कळतच नव्हतं आता करायचं काय. बिगूल संपला, गाड्या चालू झाल्या, लोक निघून गेले. बाबा आणखी थोडा वेळ तसेच उभे होते. मग पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे गेले. त्यांनी मला पाहिलंच नव्हतं. शेजारणीचं अर्धवट वाक्य तसंच ठेवून मी सायकल घराकडे वळवली.

चार दिवसांनी शाळेतून घेऊन येताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, पेपर नका टाकू."

"का?"

"तुम्हाला सिव्हिलमध्ये काही जमत नाही. ताटंसुद्धा रांगेत फॉल इन करता."

बाबा हसले. साधंसुधं नाही, स्टिअरिंगवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा. सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवायला लागला तरी हसत होते. घरी जाऊन आईला सांगितलं, शिट्टीवर मार्चची धून वाजवत भांडी लावायला घेतली.

आणि मला इतका राग आला म्हणून सांगू! मीच नको म्हटलं होतं, मान्य. पण एकदा तरी विचारायचं ना, नक्की ना म्हणून. इतका आनंद व्हायचं काय कारण? माझी शाळा गेली, पुणं गेलं, आणि हे शिट्टी वाजवतायत! मी तणतणत शेजारी गेले, तिच्या आईची हातोडी मागून आणली आणि माझ्या खोलीच्या भिंतीत, पलंगाच्या बरोबर वर, एक मोठा खिळा ठोकला. ठोकून झाल्यावर लक्षात आलं की टांगायला काहीच नाही. आमच्याकडे भिंतीवर टांगायची वस्तूच नव्हती. मग ओढणी टांगली.

जूनमध्ये कोर्स संपला. बाबांचं पुढचं पोस्टिंग सिकंदराबादला आलं होतं. माझी अकरावी तिथे झाली आणि बारावी, व्हायचं तेच होऊन, पठाणकोटला. अमेरिकेतून निघायच्या सकाळी बॅगा खाली नेल्या, आई स्वयंपाकघराचा ओटा पुसत होती आणि बाबा टूथपेस्टची ट्यूब घेऊन खोली खोली हिंडत होते. घरमालकाला घर सोपवायचं होतं. आमच्या घरात एकही भोक नसणार अशी खात्री असूनही हिंडत होते, सवय ती सवय.

माझ्या खोलीत आले. खिळा मी काढला होता, पण भोक चांगलं बोटाएवढं राहिलं होतं, कडेचा रंगही उडाला होता. बाबांनी त्यावर बोट फिरवलं.

"हे कधीचं?"

"तुम्ही सिग्नलला हसलात ना, त्या दिवशीचं."

आता बोलणी खायची म्हणून मी तयारीत उभी राहिले. बाबांनी ट्यूबचं झाकण काढलं. भिंतीकडे बघत राहिले. मग झाकण परत लावलं.

"राहू दे," म्हणाले.

खालून आईची हाक आली, "अहो, घरमालक आलेत!" बाबा दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले, पाठमोरेच.

"नक्की ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातून टूथपेस्ट घेऊन माझ्या खांद्यावरच्या बॅगेत टाकली.